'फिलेओ'चा अर्थ

माझं पहिलं लग्न एका क्रियापदानं मोडलं. (पहिलं म्हणजे ठरलेलं. दुसरं ठरलंच नाही.)

बाहत्तर साल. चर्चचा पाळक होण्यासाठी मी पुण्यात शिकत होतो आणि नवंनवं ग्रीक आल्यामुळे मला शिंगं फुटली होती. सुट्टीत देवळालीला आलो की ताटातल्या भाकरीचंही मूळ सांगायचो. "आधी गिळ, मग मूळ शोध," आई म्हणायची. त्यातच सोनईच्या बेन्यामीन मास्तरांच्या मार्थाशी माझा साखरपुडा झाला. मार्था मला फार आवडली होती. हे साध्या मराठीत लिहायला काय झालं होतं? पण नाही! विद्वानानं पत्राच्या शेवटी लिहिलं, 'फिलो से.'

बायबलच्या मूळ ग्रीकमध्ये पेत्र प्रभूला 'माझी तुझ्यावर प्रीती आहे' म्हणतो, ते याच क्रियापदात. मूळ 'फिलेओ', म्हणजे प्रीती, जिव्हाळा. सोनईत हे कोणाला कळणार नाही, याचीच मला ऐट होती.

लग्नाची तारीख काढायला मी आणि वडील सोनईला गेलो, नेमकं त्याच दिवशी ते पत्र पोचलं. "जावयाचं अक्षर बगा!" म्हणत मास्तरांनी ते सगळ्यांसमोर खड्या आवाजात वाचलं आणि शेवटी अडखळले. "फिलो से? ह्ये काय हाय?"

मी छाती फुगवली, तोच मार्थाचे शमुवेलकाका खाकरले. काका महायुद्धात शिपाई म्हणून ग्रीस देशात राहून आले होते. (हे मला साखरपुड्यात कोणी सांगू नये!)

"म्या सांगतो. फिलो म्हंजी मुका घेतो!"

मार्था तोंडाला पदर लावून आत पळाली. काकूंनी शांतपणे विचारलं, "तुमाला कुनी शिकवलं वो?" काका चपला शोधायला लागले.

"तो आजचा अर्थ!" मी ओरडलो. "शब्द घसरला पुढं. जुना अर्थ प्रीती!"

"जुन्या काळी त्याचा अर्थ मुका न्हवताच व्हय?" मास्तरांनी विचारलं.

इथं गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण विद्येशी बेइमानी कशी करायची? "होता," मी म्हणालो. "यहूदानं दगा देताना प्रभूचं चुंबन घेतलं, तिथंही हेच क्रियापद आहे."

वडिलांनी कपाळावर हात मारला.

"म्हंजी माज्या लेकीला यहूदाचा मुका?" मास्तरांनी पत्राची घडी घातली. "उठा पाव्हनं."

परतीच्या एसटीत वडील एकच वाक्य बोलले. "मराठी येत हुती की रं तुला." मी माफीची तीन पत्रं पाठवली. तिन्ही न फोडता परत आली. मास्तरांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. अजूनही येतो.

पुढच्या वर्षी बेलापूरच्या एका कंपाउंडरशी मार्थाचं लग्न लागलं. लग्न होतं त्याच देवळात तोवर मी पाळकसाहेबांचा मदतनीस झालो होतो. ऐन वेळी साहेबांचा घसा बसला आणि विचारायचं काम माझ्याकडे आलं. "या विवाहाला कोणाची हरकत असल्यास त्यानं आत्ताच बोलावं."

मार्थानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, एकदाच.

हरकत घेण्यासाठी ग्रीकमध्ये चांगली तीन क्रियापदं आहेत. तिन्ही मला रूपांसकट तोंडपाठ होती. मी म्हणालो, "आमेन."