डावं चाक गौतमभाऊंचं

रोज एकाच जीपने जाणाऱ्या माणसांना किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. मग कुणाच्या तरी लग्नात जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणतंच, "बाई, आपल्या जीपचं सांगा की." मी सांगते. शाळेत पोरं माझं इतकं लक्ष देऊन कधी ऐकत नाहीत!

आमची जीप गोरेगावहून निघते आणि मी जिथे शिकवते त्या वाडीपर्यंत येते. मालक दोन. मारोतराव गाडी चालवतात, गौतमभाऊ त्यांच्या डावीकडे बसून माणसं चढवतात-उतरवतात. दोघं एका वर्गात शिकले, एकाच वर्षी नापास झाले आणि पुढे भागीत ही जुनी फोर व्हील ड्राइव्हची गाडी घेतली. यंदा तीच गाडी विकायचा विषय निघाला आणि ही जोडी फुटते की काय, अशी वेळ आली. तिथवर येतेच मी, पण आधी थोडं मागचं.

*

माझी बदली झाली तेव्हाचा पहिला दिवस. वाडीच्या अलीकडे नाला आहे आणि नाल्यापलीकडे काळ्या मातीचा चढ. नाल्याशी गाडी थांबली, दोघं दोन बाजूंनी उतरले. मला वाटलं, पंक्चर. पहिल्याच दिवशी उशीर!

तर एक उजव्या चाकाशी वाकलेला, एक डाव्या. पुढच्या चाकाच्या मधोमध मुठीएवढा गोल खटका असतो, त्याला हे लोक हब म्हणतात. दोन्हीकडचे हब फिरवून लॉक केले आणि आतली दांडी ओढली, की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही मिळतो. एक जरी मोकळा राहिला तरी सगळा जोर तिकडूनच निसटतो आणि गाडी चिखलात बसते. चढ संपला की परत उतरायचं आणि दोन्ही हब मोकळे करायचे.

"एकच जण दोन्ही का नाही करत?" मी विचारलं.

मी परक्याच्या ताटात हात घातल्यासारखं गौतमभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "उजवं त्याचं हाये बाई. डावं माझं."

*

एकदा चढ संपला, पण दोघांच्या गप्पा रंगलेल्या. हब मोकळे करायचे राहिले, दांडीही तशीच. अशी गाडी डांबरी रस्त्यावर वळायला जड जाते. त्या दिवशी जीपला हिंगोलीच्या भाड्याची वर्दी होती. मारोतराव स्टिअरिंगशी कुस्ती खेळत हिंगोलीला पोचले. गाडीवर शंका घ्यायचं सोडून त्यांनी स्वतःवरच घेतली. दंडातली ताकद गेली म्हणाले आणि थेट दवाखान्यात शिरले.

डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. बाटली घेऊन बाहेर आले, तर गौतमभाऊ डाव्या चाकाच्या लॉकच राहिलेल्या हबशी उकिडवे बसून हसून राहिलेले.

टॉनिक मात्र वाया गेलं नाही. स्टँडवर रोज सकाळी एक झाकण मारोतराव घ्यायचे आणि एक गौतमभाऊंना पाजायचे.

*

गौतमभाऊ एकदा भाचीच्या लग्नाला हट्टा गावी गेले. मारोतराव एकटेच. नाल्याशी उतरले, उजवा हब लॉक केला आणि सवयीने येऊन बसले. गाडी चढावर गेली आणि अर्ध्या चाकापर्यंत रुतली.

आम्ही सगळे चिखलात उतरलो. मारोतरावांनी डावं चाक पाहिलं आणि खिशातून फोन काढला. तिकडे लग्नात पंगत बसलेली.

"गौत्या, तुझं चाक लॉक न करता कसा काय गेला रे तू?"

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण मारोतराव एकदम मऊ झाले. "बरं बरं, जेव तू. पोरीला माझा आशीर्वाद सांग." मग त्यांनी डावा हब फिरवला, तोही जरा संकोचून.

*

आता यंदाचं. मारोतरावांची हळद चांगली पिकली होती. स्टँडवर चहा पिताना त्यांनी आनंदाने जाहीर केलं, की ही गाडी विकायची आणि नवी घ्यायची. नव्या गाडीत बसल्या जागी बटण दाबलं की पुढची चाकं लागतात. कुणाला खाली उतरायचं काम नाही!

गौतमभाऊंनी कप खाली ठेवला. "मंग मी काहून येऊ?"

मारोतरावांचा स्वभाव तापट. त्यांना वाटलं, आपल्या आनंदावर पाणी टाकलं. ते पटकन म्हणाले, "नको येऊ."

तेवढंच. पण दोन शब्दांत एवढ्या वर्षांचं सगळं हलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला त्या दिवशी शिकवणं सुधरलं नाही.

*

मग अबोला सुरू झाला. गौतमभाऊ यायचे रोज, डावा हबही लॉक करायचे. पण निरोप माझ्यामार्फत.

"बाई, ड्रायव्हरला सांगा, डावं झालं."

दोघांच्या मध्ये फक्त गिअरची दांडी. तरी मी मागून पुढे वाकून सांगायची. मारोतराव समोर बघत म्हणायचे, "त्यांना म्हणावं, आलं ऐकू." पहिलीची पोरं परवडली, इतका हट्ट!

दसऱ्यानंतर नवी गाडी येणार हे ठरलेलं. ती आली की गौतमभाऊ घरी बसणार, हेही आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. त्यातच त्यांचं जुनं गुडघ्याचं दुखणं वाढलं. दाराला धरून उतरायचे, चिखलात पाय टाकताना ओठ दाबायचे. मारोतराव तिकडे ढुंकूनही बघत नाहीत, असा मला फार राग यायचा.

*

एका सकाळी पाऊस होऊन गेलेला. नाल्याशी गाडी थांबली न थांबली तोच गौतमभाऊ उतरले, हब फिरवला, मी निरोप दिला. गाडी चढाला लागली आणि मध्येच बसली. मागची चाकं चिखल उडवून राहिली, पुढची गप्प.

मारोतराव उतरून डाव्या बाजूला आले. हाताने चाकावरचा गाळ पुसला. हब मोकळा होता.

"मी लॉक केलाय," गौतमभाऊ थेट बोलले. रागात अबोल्याचं भान राहिलं नसावं.

"तू सोडला. लॉक म्या केल्ता."

"कवा?"

"सकाळीच. स्टँडवर, तू यायच्या आधी."

जुना, घासलेला हब तो, कोणत्याही अंगाने फिरायचा. वर गाळ, लॉकची खूण दिसत नव्हती. गौतमभाऊंनी रोजच्यासारखा फिरवला आणि लॉक केलेलाच मोकळा झाला.

"माझ्या चाकाला काहून हात लावला?"

मारोतरावांनी हाताचा गाळ झटकला. "तुझा गुडघा... मला वाटलं, लॉक दिसल तुला, वाकावं लागणार न्हाई. बोलाचं तं बंद होतं." मग आणखी हळू म्हणाले, "नवी गाडी कोनासाठी घेऊन राहिलो मंग मी?"

आम्ही सगळे चिखलात उभे. माझे डोळे भरून आले होते, ते मी छत्रीआड केले.

गौतमभाऊ वाकले, डावा हब लॉक केला आणि मारोतरावांच्या खांद्याला धरून उठले.

"त्या नव्या गाडीत बटण कोन्या बाजूला असतंय?"

"मधात."

"मंग ते माझं."