शेवटच्या डब्याची पाटी

गाव सोडायचं तर माणसानं एकदाच सोडावं. मी एका दिवसात दोनदा सोडलं, त्यात पहिल्यांदा उलट्या दिशेनं.

आमचे दादा, म्हणजे वडील, पिंगळी स्टेशनवर पॉइंट्समन होते. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हिरवी झेंडी दाखवण्यात त्यांची हयात गेली. अशा माणसाच्या मुलाला निदान गाडीचं तोंड कुणीकडं आहे एवढं तरी कळायला हवं. पण लाईन तेव्हा एकेरी होती, क्रॉसिंगला दोन पॅसेंजर शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि माझं सगळं लक्ष माझ्या नव्या बुटांकडं होतं. मला परभणीला जाऊन पुण्याची गाडी धरायची होती. निरोप द्यायला आलेल्या मित्रांसमोर मी ऐटीत चढलो तो पूर्णेच्या गाडीत. गाडी हलली, मी दारात उभा राहून हात हलवायलो, मित्रही हलवायलेत. चूक दिसली ती एकट्या दादांना. पण सिग्नल पडलेला, गाडी सुटलेली. पोरगं येडं आहे म्हणून लाल झेंडी दाखवायची सोय रेल्वेत नाही. त्यांनी हिरवी धरून ठेवली.

पूर्णेहून उलटा फिरलो तो एक्स्प्रेसनं. ती पिंगळीला थांबत नाही. मी दारात येऊन उभा राहिलो. प्लॅटफॉर्मच्या टोकाला दादा झेंडी धरून होते. मी ओरडलो, "दादा, आता बरोबर गाडीत हाय." त्यांची झेंडी हलली नाही, पण मान माझ्या डब्याबरोबर फिरत गेली, पार मी दिसेनासा होईपर्यंत. मला वाटलं, चिडलेत. पुढं कितीतरी वर्षं मला तसंच वाटत राहिलं.

दादांच्या नोकरीतली एक गोष्ट सांगायला हवी. गाडी गेली की शेवटच्या डब्यामागं 'एलव्ही'ची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची, पाटी बघायची. पाटी दिसली, गाडी पुरी. नाही दिसली, तर गाडी मध्येच कुठंतरी तुटली, मागचे डबे वाटेतच राहिले असं धरायचं, आणि ते आणेपर्यंत त्या लाईनवर दुसरी गाडी सोडायची नाही. घरातही हाच कायदा. मी ताटात भाकरी टाकून उठलो की म्हणायचे, "पाटी न्हाई दिसली अजून."

पुण्यात मी लवकर सुधारलो. तीन महिन्यांत 'जायलोय'चं 'जातोय' झालं. दादांचा फोन आला की ऑफिसातून उठून जिन्यात जायचो, म्हणजे आपली भाषा मोकळी सोडता यायची. तिथला वॉचमन जिंतूरचा निघाला. एकदा हसून म्हणाला, "पावनं, परभणीकडले दिसताव." मी छाती काढून सांगितलं, "नाही, मी इथलाच." त्याच्या समोरच मी नुकता फोन ठेवला होता, "दादा, लय काम हाय, मंग बोलू" असं म्हणून. तो बिचारा 'बरं साहेब' म्हणाला फक्त. त्या 'साहेब'मुळं मी दोन दिवस जिना टाळून लिफ्टनं गेलो.

माय गेली आणि दादा पिंगळीच्या घरात एकटे राहिले. या उन्हाळ्यात मी त्यांना पुण्याला आणलं. पंधरा दिवस म्हणून आणलं, पण मनात बेत होता कायमचाच. मीनलनं, माझ्या बायकोनं, कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला. दादांनी कप्पा बघितला, छान आहे म्हणाले, आणि पिशवी चेन लावून पलंगाच्या पायथ्याशीच ठेवली. रोज तिच्यातून एक सदरा निघायचा. धुऊन वाळला की घडी घालून पुन्हा पिशवीत.

एका रविवारी दुपारी मी त्यांना नाटकाला नेलं. साधंसुधं नाटक नव्हतं, रॉक संगीतिका. मीनलची मैत्रीण त्यात ड्रम वाजवत होती. कौशी नावाची खेड्यातली मुलगी शहरात येऊन कायरा होते, बँडची गायिका. नाटकभर तिचा लहानपणचा आवाज ध्वनिमुद्रित ऐकू येतो. कौशी एक ओळ गाते, कायरा दुसरी. शेवटच्या गाण्यात मात्र कौशीचा आवाज ओळ गातो आणि कायरा उत्तर देत नाही. गिटार ठेवते, रंगमंचाचं मागचं दार उघडते, निघून जाते. दार उघडंच. रिकाम्या रंगमंचावर पोरीचा आवाज तीच ओळ पुन्हा गातो आणि थांबतो. दिवे विझत नाहीत.

आपल्याला कळतं हे दाखवायला सगळ्यात आधी टाळ्या मीच वाजवल्या. पुढच्या बाईंनी वळून बोट ओठांवर ठेवलं.

मग दिग्दर्शिका बाहेर आली. म्हणाली, शेवट तुम्हीच लावा. माईक माझ्याकडं आला. मी उठून सांगितलं की कायरानं भूतकाळाची कात टाकली आहे, कौशी मागं राहणं हीच तिची मुक्ती. 'अस्तित्व' हा शब्द मी तीनदा वापरला. बसलो तर दादांनी माझ्या हातातून माईक घेतला. माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "दादा, इथं नको."

दादा उठून उभे राहिले. झेंडी धरायला उभे राहायचे, तसे. म्हणाले, "बाई, म्या रेल्वेत होतो. आर्धी गाडी मागं ऱ्हायली की मुक्ती म्हणत न्हाईत. इंजिन उलटं जातंय आन् मागचे डबे घेऊन येतंय. ही पोरगी आणायला गेली. म्हणूनच दार उघडं हाय, दिवा चालू हाय. गाडी पुरी आल्याबिगर लाईन कशी मोकळी करायची?"

पुढचा प्रश्न घ्यायच्या ऐवजी दिग्दर्शिकेनं विचारलं, "आणि डबे सापडलेच नाहीत तर?"

"तर लाईन बंदच," दादा म्हणाले आणि बसले.

परत येताना रिक्षात मी त्या कप्प्याचा विषय काढला. म्हटलं, आता इथंच ऱ्हावा. कितीतरी वर्षांनी पुण्याच्या रस्त्यावर माझ्या तोंडून 'ऱ्हावा' निघालं, आणि रिक्षावाल्यानं मागं वळूनही बघितलं नाही. दादा बाहेर बघत बसले होते. मग हळूच म्हणाले, "तू एक्स्प्रेसच्या दारात हुबा होता बघ. त्या दिवशी म्या मागची पाटी बघितलीच न्हाई. तुलाच बघत ऱ्हायलो. मास्तरानं इचारलं, पुरी गेली का? म्या म्हणलं, पुरी गेली. सगळ्या नोकरीत येवढंच खोटं बोललो, बाळू."



पंधरावा दिवस उजाडला आणि दादा पिशवी उचलून पिंगळीला गेले. कप्पा अजून रिकामाच आहे. मीनल त्यात काही ठेवत नाही, मीही ठेव म्हणत नाही.

आता मी वरचेवर जातो. परभणीला पॅसेंजरमध्ये चढायच्या आधी दोघांना दिशा विचारून घेतो, हसतात लोक. पिंगळीला उतरलो की दादा प्लॅटफॉर्मवर असतातच. पण माझ्याकडं येत नाहीत. आधी गाडी पुढं जाऊ देतात, शेवटच्या डब्यामागची पाटी बघतात, मग म्हणतात, "आली पुरी. चल." तेवढा वेळ मी बॅग धरून उभा असतो, आणि तेवढ्या वेळात मी कुठलाच साहेब नसतो. घर कुठंशी सुरू होतं असं कुणी विचारलं तर मी ती जागा दाखवीन, प्लॅटफॉर्मवरच्या नळाच्या आणि बाकड्याच्या मध्ये.

निघताना मी दारात उभा राहतो. गाडी हलते. नवा पॉइंट्समन मागची पाटी बघतो, ते त्याचं कामच आहे. दादा अजूनही बघत नाहीत.