अर्ध्या तासाचा वाटा

तुळसाने पुठ्ठा दोनदा वाचला. एकदा वरून खाली, मग खालून वर. सातवीपर्यंत शिकलेली बाई, वाचण्यात तिची चूक होणं शक्य नव्हतं. पुठ्ठ्यावर पाळ्यांच्या यादीत चोवीस नावं होती, प्रत्येकासमोर वार आणि वेळ, आणि त्यांत तिचं नाव नव्हतं. तिचंच काय, एकाही बाईचं नव्हतं.

होड्या आणि जाळी ठेवायच्या त्या मांगरात, जाळ्यांच्या ढिगापुढे, एक भला मोठा टीव्ही लाकडी खोक्यावर बसवलेला होता. त्याला जोडलेल्या काळ्या पेटीतून पडद्यावर गाड्या पळत होत्या. दोन मुलगे हातात रिमोट घेऊन त्या पळवत होते आणि पाच जण त्यांना शहाणपण शिकवत होते.

"सिद्धेशा, माझा नाव खंय आसा रे?" तुळसाने विचारलं.

रिमोट धरलेल्या दोघांतल्या सिद्धेशने मान वळवली नाही. "कसला नाव, काकी?"

"ह्या पाळयेत."

आता मात्र गाड्या थांबल्या. सिद्धेश हसला. वाईट हसणं नव्हतं ते. सिद्धेश मुळात वाईट मुलगाच नव्हे. "काकी, ह्यो गेम आसा. बांगडे न्हय."

"बांगडे न्हय ता माका पण दिसता. दोर ओढूक मी नाय होतंय काय त्या दिवशी?"

"होतंस गो. पण तुका काय कळतला त्यातला?"

"बांगडो खावंक येता म्हणान वाटो दितत काय रे? दोर ओढलो म्हणान दितत."

कोणीतरी "ऐकलंस मरे!" म्हणालं, सगळे हसले आणि गाड्या पुन्हा पळू लागल्या. तुळसा डावा पाय जपत, वाळूतून हळूहळू घरी गेली.

तो पाय त्याच दिवशी दुखावला होता. महिन्याभरापूर्वी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेलेली एक बोट इंजिन बंद पडून लाटांत सापडली होती. किनाऱ्यावर त्या वेळी रापणीचं लांबलचक जाळं दोरांनी ओढणं चालू होतं. रापणीचा म्होरक्या लवू तांडेल, त्याने हातातलं जाळं तसंच सोडलं, होडी पाण्यात घातली, त्या बोटीला दोर बांधला आणि सगळ्यांनी मिळून, जाळं ओढतात तशी, ती बोट वाळूवर ओढून काढली. तुळसा नेहमीप्रमाणे दक्षिणेकडच्या दोरावर तिसरी होती. लाटेच्या झटक्याने ती पडली, गुडघा पिळवटला, पण हातातला दोर सुटला नाही. त्या दिवशीचे मासे गेले. बोटीतली माणसं मात्र वाचली. त्यांत एका रिसॉर्टच्या मालकाची दोन मुलं होती. चार दिवसांनी तो स्वतः टेम्पो घेऊन आला आणि आपल्या रिसॉर्टमधला टीव्ही आणि ही गेमची पेटी मांगरात उतरवून गेला. "हे तुम्हां सगळ्या रापणकरांना," असं म्हणाला होता तो. तुळसाने स्वतः ऐकलं होतं.

वेंगुर्ल्याहून लग्न होऊन ती या वाडीत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आल्याच्या दुसऱ्या महिन्यात तिने दोराला हात लावला, त्याला आता चौतीस वर्षं झाली होती. नवरा गुरुदास ट्रॉलरवर खलाशी, पावसाळ्यापुरता घरी. मुलगा गोव्यातल्या हॉटेलात. घर चालायचं ते तुळसाच्या वाट्याच्या माशांवर. भांडखोर म्हणून तिची ख्याती नव्हती. उलट रापणीवरच्या बायकांत सगळ्यांत कमी बोलणारी तीच. पण एकदा बोललेला शब्द तिने मागे घेतल्याचंही कोणाला आठवत नव्हतं.

घरी सून अक्षया भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"आये, सोडून दी गो. तुका खेळूचा आसा काय ता?"

तुळसाने खोटं उत्तर दिलं नाही. "ठावक नाय. खेळल्याशिवाय कसा कळतला?"

"मगे कित्याक वाद घालतंस?"

तुळसाने पाय लांब करून गुडघा दाखवला. सूज अजून उतरली नव्हती. महिनाभर ती दोरावर नव्हती. वाळूत बसून मासे निवडायचं काम करत होती आणि वाटा घेत होती. कोणी काही म्हटलं नव्हतं. अजून तरी नव्हतं.

"आज ह्येच्यात वाटो नाय म्हणतले. उद्या म्हणतले, तू खंय दोर ओढतंस, माशात पण वाटो नाय. एकदा गप ऱ्हवलंय काय झाला."

अक्षयाने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग ती एवढंच म्हणाली, "लवूआबांक विचार. पण सगळ्यांसमोर विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण बरी लागली. बांगडे, थोडे पेडवे, एक-दोन सुरमया. निवडून झाल्यावर नेहमीप्रमाणे वाळूवर वाटे लागले, माणसागणिक एक ढीग. या रापणीचा रिवाज असा की लवू तांडेल समुद्राकडे तोंड करून उभा राहायचा आणि रापणीतला सुशांत एकेका ढिगाला काठी लावून विचारायचा, "हो कोणाचो?" पाठमोरा लवू एक नाव घ्यायचा. कोणाच्या ढिगात काय आहे हे त्याला दिसायचं नाही, म्हणून भांडण नाही. आणि सगळी नावं घेऊन होईपर्यंत कोणी वाटा उचलायचा नाही, शेवटचा वाटा उचलला जाईपर्यंत कोणी जागा सोडायची नाही.

"हो कोणाचो?"

"तुळसाचो."

नावं संपली. टोपल्या भरू लागल्या, रिकाम्या वाळूत एकच ढीग राहिला. तुळसा त्याच्यासमोर टोपली उपडी घालून तिच्यावर बसली.

"वैनी, वाटो उचल," लवू म्हणाला.

"उचलूचंय नाय, भावजी. आधी माका सांगा, मांगरात ती पेटी इली हा तेच्यात माझो वाटो आसा काय नाय?"

"अगो, ता मगे बघूया. मासे उन्हात पडलेत."

"पडांदेत."

सत्तर माणसं टोपल्या डोक्यावर घेऊन उभी. माश्या घोंगावायला लागल्या. सिद्धेश पुढे आला. "काकी, लोकांका कट्टा गावचो बाजार गाठूचो आसा. गाडी जायत."

"माका पण चुलीर कालवण ठेवूचा आसा."

"खेळाक येना नाय आणि हट बघ!"

"खेळाक तुकाय येय नाय होता. सुरवातीच्या दिवशी भिंतीर आपटी होतंस, बघलंय मी दारातसून."

बायकांत हसू फुटलं. मथुरा, तुळसाच्या पाठीमागे दोरावर चौथी असणारी, तिने आपली टोपली डोक्यावरून खाली ठेवली. मग किशोरीने ठेवली. बघता बघता सगळ्या बायकांच्या टोपल्या वाळूवर टेकल्या.

लवू तांडेल सिद्धेशकडे वळला. "सिद्धेशा, त्या दिवशी दोराक कोण कोण होतो?"

"सगळे होते, आबा."

"बायलमाणसा?"

सिद्धेशने टोपल्या खाली ठेवलेल्या बायकांकडे पाहिलं.

"होती ना? मगे तो दोरान ओढलेलो वाटो. दोराक ज्येचो हात लागलो तेची पाळी. आणि आणखी एक आयका सगळे." त्याने आवाज चढवला. "वैनीचो गुडघो त्या दोरार गेलो. ती दोर ओढूंदे नायतर मासे निवडूंदे, वाटो तेवढोच. ह्या परत विचारूची पाळी येता नये."

"पण आबा, मगे आमची पाळी म्हयन्यान एकदा येतली!"

"येवंदे. बांगडे तरी रोज गावतत काय?"

तुळसा उठली, टोपली सरळ केली आणि एकेक बांगडा वेचून तिच्यात टाकला. सावकाश, नेहमीसारखाच.

तिची पाळी आली ती गुरुवारी दुपारी. अक्षयाने नवं लुगडं काढून ठेवलं होतं. तुळसा रोजच्यातच गेली. मागोमाग आठ-दहा बायका "आमी फक्त बघूक" म्हणत मांगरात शिरल्या. सिद्धेशने रिमोट तिच्या हातात दिला आणि गुरुजीसारखं सांगितलं, "ह्या दाबला काय पळता. ह्या दाबला काय थांबता. ही दांडी वळवूक."

गाडी सुटली ती सरळ भिंतीवर. पुन्हा सुटली, पुन्हा भिंतीवर. तिसऱ्यांदा ती उलटी होऊन चाकं वर करून पडली. तुळसाच्या अंगठ्याला दोराने पडलेला घट्टा होता. ती इवली दांडी किती वळवायची ते त्या अंगठ्याला समजतच नव्हतं.

"काकी, रिमोट हाड हकडे, मी चालवन दाखयतंय."

"हात लावू नको. माझो वाटो माका खावंक दी."

दहा मिनिटं गेली. मग तिच्या लक्षात आलं की ती रिमोट मुठीत आवळून धरते आहे. दोरही असा नुसत्या मुठीने ओढत नाहीत. लाट आत येते तेव्हा ओढायचं, परतते तेव्हा फक्त धरून ठेवायचं. तिने बोट थोडं दाबलं, सैल केलं, पुन्हा थोडं दाबलं. गाडी रस्त्यावर राहिली. एक वळण गेलं. दुसरं गेलं. बाकीच्या अकरा गाड्या केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या, पण तुळसाला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती जीभ दातांत धरून, एका परक्या देशातल्या रस्त्यावरून, बैलगाडीच्या चालीने पुढे सरकत होती.

"अजून दोन वळणां!" सिद्धेश ओरडला. केव्हा उठून तिच्याजवळ येऊन बसला, त्यालाही कळलं नव्हतं.

तेवढ्यात त्याच्या मोबाइलची घंटी वाजली. अर्धा तास झाला होता.

"ऱ्हवांदे ती. पुरी कर गो काकी, दोन मिनिटां लागतली."

तुळसाचं बोट थांबलं. "ही दोन मिनिटां कोणाची?"

सिद्धेशने पुठ्ठ्याकडे पाहिलं. त्यावर आता दोन रांगा होत्या. "मथुराकाकीची. पण ती खंय खेळता?"

"ता तिचा ती बघीत." तुळसाने रिमोट मथुरेच्या मांडीवर ठेवला.

"तुझी गाडी रस्त्यातच ऱ्हवली गो!"

"ऱ्हवली तर ऱ्हवली. पुढच्या पाळयेक बघतलंय."

सिद्धेशने मथुरेसाठी नवा खेळ लावला. "माका नको गो, माका नको," म्हणता म्हणता मथुरेने पदराला हात पुसले आणि रिमोट धरला. गाडी सुटली आणि सरळ जाऊन भिंतीवर आदळली. मांगरभर हसू उसळलं. तुळसा जाळ्यांच्या ढिगावर पाय लांब करून बसली होती. ती हसली नाही. पुढे वाकून, पडद्यावरची नजर न काढता, ती म्हणाली, "आधी मागे घे गो. मूठ सोड. हळू... आता दाब."