गॅरेजातून बोलणारे कंट्रोलर

आमच्या कंट्रोलरनी मला उभ्या संसारात नावानं हाक मारली नाही. कंधारच्या एस.टी. स्टँडावर त्यांची सगळी नोकरी गेली, आणि माणूस ओळखायची त्यांची रीत एकच: ज्या गाडीनं आलं त्या गावाचं नाव. जावई ‘हिमायतनगर’, दूधवाला ‘पेठवडज’, आणि मी ‘उदगीर’. "ए उदगीर, चहा टाक." पाव्हणे आधी दचकायचे, मग चहा प्यायचे.

नवी नवरी असताना मला स्वतःबद्दल फार मोठा गैरसमज होता. उदगीरची एवढी हुशार पोर या दोन खोल्यांत कुठं येऊन पडली, असं वाटायचं. बाजाराला जा नाहीतर मैत्रिणीकडं, संध्याकाळी यांना पत्ता लागलेला.

"मुखेडला कामून गेलतीस?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"गाडीनं."

तालुक्यातला एकेक कंडक्टर माझ्यावर पहाऱ्याला बसवल्यासारखा होता.

एकदा कडाक्याचं भांडण झालं. पिशवीत पातळं कोंबून मी माहेरी निघाले. आता अक्कल बघा माझी! नवरा ज्या स्टँडाचा कंट्रोलर, त्याच स्टँडावरून मी पळून चालले. डोक्यावरून पदर ओढला की आपण कोणाला दिसत नाही, असा माझा हिशेब. उदगीर गाडीत खिडकीशी बसले, तोच भोंग्यातून ओळखीचा आवाज आला, "उदगीर गाडी थोडी थांबंल. प्रवाशांनी जागा सोडू नये."

गाडी थांबली ती थांबलीच. लेकरं रडायला लागली, ड्रायव्हर बिड्या ओढून कंटाळला. शेजारची बाई पदरानं वारा घेत म्हणाली, "कोणासाठी थांबवली ग माय ही गाडी?" मी म्हणाले, "कोण जाणे!" घामानं नुसती भिजले होते. शेवटी लाजेकाजेनं उतरले. फलाटावर पाय टेकला, आणि शिट्टी झाली. उदगीर गाडी माझ्या डोळ्यांदेखत सुटली. कंट्रोलर त्यांच्या खिडकीतून एवढंच म्हणाले, "घरला जा. भात लाव."

रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी व्हॅन घेतली आणि बोळापलीकडच्या आमच्या जागेत तिच्यासाठी पत्र्याचं गॅरेज बांधलं. व्हॅन क्वचितच हलायची. भंगारात निघालेली बसची एक सीट त्यांनी तिथं आणून ठेवली होती. दुपारी शटर अर्धं ओढून त्या सीटवर मी आणि शेजारची शेवंताबाई मिस्री घासत गप्पा ठोकायचो. अख्ख्या जगात मला कोणी बघत नव्हतं अशी ती एकच जागा.

मग मागच्या गल्लीत कोणाच्यातरी गाडीची बॅटरी चोरीला गेली, आणि यांनी गॅरेजात कॅमेरा बसवायचं काढलं.

इंटरनेटवाला "जयभीम काका" म्हणत आला. फोन हातात धरून गॅरेजात फिरला. "घरातलं वायफाय इथवर येईना. मधी बोळ, दगडी भिंत, वर पत्रा. तुमच्या खिडकीपाशी एक डबी लावून बघू, तिथून ढकलंल पुढं." डबी लावली आणि कॅमेरा चालू झाला. दुसऱ्याच दिवशी मी गव्हाची पत्र्याची कोठी सरकवत सरकवत डबी आणि खिडकीच्या मधोमध आणून ठेवली. झालं! यांच्या फोनवर नुसती चकरी फिरायला लागली. मी आणि शेवंताबाई हसून हसून मेलो.

कंट्रोलर आले. कोठीवर बोटानं टकटक केलं. "ए उदगीर, औंदा गहू लई उंच झाला की." त्याच आठवड्यात बोळ खणला, पाइप पुरला आणि त्यातून वायर थेट गॅरेजात नेली. पाइपातल्या वायरीपुढं कोठी काय करणार?

वर तो कॅमेरा बोलणारा निघाला. आम्ही मिस्री घासत बसलेलो, तर डोक्यावरून आवाज, "प्रवाशांनी फलाटावर थुंकू नये." शेवंताबाई जी पळाली, ती पुन्हा आली नाही. मी वर बघून ओरडले, "म्हातारपणी तरी मोकळं सोडा की मला!"

"बस की निवांत. कोण उठवून राहिलंय तुला?"

पुढं त्यांना लकवा मारला. पाय गेले. पलंगासमोर भिंत, आणि हातात फोन. फोनात व्हॅन, सीट आणि शटरखालून दिसणारा बोळाचा एवढासा तुकडा. जिल्हाभरच्या गाड्या हलवणारा माणूस तेवढ्यावर आला. रोज दुपारी म्हणायचे, "जा, गॅरेजात जाऊन बस."

"इथं बसलेच की तुमच्यापाशी."

"इथं तू नर्स हायस. तिथं उदगीर दिसतीस."

मग काय, ज्या डोळ्यापासून जन्मभर पळाले, त्याच्यापुढं मी वेणी घालून, पावडर लावून बसायला लागले. ते पलंगाला खिळलेले, मी सीटला.

एका दुपारी आवाज आला. भोंग्यातलाच तो जुना सूर, फक्त जड झालेला.

"ए उदगीर, गाडी सोडू का आता?"

मी कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "थांबवून ठेवा की. तुमचंच स्टँड हाय."

"हाव," ते म्हणाले.

मग काहीच बोलेनात. मी दोन-तीनदा हाका मारल्या आणि उठून घराकडं पळाले. बोळ ओलांडून पोचले तोवर ते गेले होते. फोन छातीवर तसाच चालू होता आणि त्यात रिकामी सीट दिसत होती.

याही खेपेला मी जागा सोडली, आणि गाडी सुटली.