सात बापांची मांडणी

कुल्याश आपाच्या मते माणसं आणि पाणी यांत फारसा फरक नाही. दोन्ही वरून खाली जातात, वाटेत फाटे फोडतात आणि शेवटी कुठे मुरतात ते कुणालाच सांगता येत नाही. हे मत तिने कझाखस्तानातल्या तराझ शहरात, एका आराखडा कार्यालयात बावीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढून कमावलं होतं. मुख्य कालवा जाड रेघेने, शाखा मध्यम, चारी बारीक. पुढे सरकार बुडालं, कार्यालय बुडालं, कालव्यांतलं पाणीही बरंच आटलं. रेघा मारायचा हात तेवढा शिल्लक राहिला. बासष्टाव्या वर्षी ती त्याच हाताने लोकांच्या वंशावळी काढत होती.

धंदा बरा चालला होता. जुन्या वह्यांत आजोबांनी उतरवून ठेवलेली शेजिरे, म्हणजे बापाकडून मुलाकडे येणारी नावांची यादी, लग्नाच्या हॉलमध्ये चार मीटर लांब कापडावर छापून टांगायची टूम निघाली होती. कुल्याशच्या पुतण्याने तिला एक प्रोग्रॅम बसवून दिला. तो खरं तर कारखान्यात कोण साहेब आणि कोणाच्या हाताखाली कोण, हे दाखवायला बनवलेला. एकेका नावाची चौकट करायची, बापापासून मुलाकडे रेघ ओढायची आणि बटण दाबायचं. सगळ्या चौकटी आपोआप जागेवर जाऊन बसतात.

"बटण दाबायला अक्कल लागत नाही," ती म्हणे, "म्हणून तर पुतण्याने ते काम सहा महिने केलं."

अक्कल लागायची ती मांडणीचे पर्याय ठरवायला. पहिल्याच तक्त्यात तिने 'रेघा कमीत कमी छेदाव्यात' हा पर्याय चालू ठेवला होता. यंत्राने आज्ञा पाळली. गुंता सोडवण्यासाठी धाकट्या भावाचं घराणं उचलून सगळ्यांच्या आधी मांडलं आणि थोरल्याचं नेऊन टाकलं शेवटी, हॉलच्या संडासाच्या दाराशेजारी. थोरल्याची माणसं घोड्याच्या मटणाची ताटं तशीच टाकून उठली. तेव्हापासून तो पर्याय बंद, आणि 'भावांचा क्रम दिला तसाच' हा कायमचा चालू. 'गोलाकार' मांडणी तिने एकदाच वापरली, एका मेंढ्यांच्या दलालासाठी. तक्ता कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसत होता. दलालाला तो फार आवडला.

तिच्या तक्त्यांत बायका नसत. शेजिरेत बायका नसतातच. सात पिढ्या पुरुषांनीच पुरुषांना जन्म दिला असं बघणाऱ्याला वाटावं. "एवढं जमतं, तर चहाही स्वतः करा की," ती गिऱ्हाइकांना म्हणायची आणि चहा ओतायची.

सप्टेंबरात बैसेनबाय तिच्याकडे आले; वयाच्या मानाने सगळे त्यांना अक्साकाल, म्हणजे वडीलधारे, म्हणत. सत्त्याहत्तर वर्षांचे, निवृत्त पशुवैद्य, डोक्यावर नक्षीची टोपी, हातात स्वतःच्या अक्षरातली वही. बरोबर नातू मदियार, सव्वीस वर्षांचा, दातांचा डॉक्टर. त्याचं पेरिझातशी लग्न ठरलं होतं. मुलीच्या कानात सासरची कर्णफुलं चढली होती, बारा दिवसांनी समारंभ होता. मुलगा आणि मुलगी एकाच टोळीतली, त्यामुळे दोन्ही घराण्यांचा एकत्र तक्ता हवा होता. अगदी वर तिलेप नावाचा समाईक पूर्वज, त्याच्या दोन मुलांपासून दोन्ही घराणी, सगळ्यांत खाली नवरा-नवरी.

"सात बाप मोजलेत ना?" कुल्याशने विचारलं. कझाखांच्यात सात बापांच्या आत एकही नाव समान निघालं, की लग्न नाही. त्यावर अपील चालत नाही.

"मोजलेत म्हणजे काय! मुलीच्या आजोबांच्या आणि माझ्या मांडीला मांडी लावून मोजलेत. त्यांच्याकडून तिलेप आठवा, माझ्याकडूनही आठवा. तिथेच मेंढरू कापलं."

कुल्याशने दोन दिवसांत एकशे चाळीस नावं भरली. तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आणि नातू तक्ता बघायला आले. तिने दिशा 'वरून खाली' ठेवली, 'एका पिढीची एक ओळ' हा पर्याय लावला आणि बटण दाबलं. चौकटी सरसर हलल्या, थांबल्या. पेरिझात नवव्या ओळीत जाऊन बसली. मदियार आठव्या.

"हा एक वर कसा गेला?" आजोबांनी विचारलं.

"लोंबकळतोय जरासा," मदियार हसत म्हणाला. "आपा, खाली ओढा ना मला तिच्या शेजारी."

कुल्याशने त्याची चौकट माऊसने खाली ओढली. पुन्हा मांडणी केली. चौकट टुणकन वर. तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि मदियारच्या बापापासून वर मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. तिलेपवर बोट आलं तेव्हा आकडा सात होता.

"अक्साकाल, तुम्ही मोजताना सुरुवात कुठून केलीत?"

"मुलापासून. मदियार एक, त्याचा बाप दोन..."

"आणि मुलीचे आजोबा?"

"त्यांनी..." अक्साकाल थांबले. "त्यांनी मुलीच्या बापापासून केली असेल. रिवाजाप्रमाणे बापापासूनच करतात."

"मग तुम्ही मुलापासून का केलीत?"

"मला वाटलं नवऱ्यामुलालाही धरतात!"

"धरतात हो, पण लग्नात," कुल्याश म्हणाली.

आजोबांना अता म्हणणाऱ्या मदियारचं हसू गेलं होतं. "अता, म्हणजे सातवाच? सातवा चालत नाही?"

आजोबांनी वही मिटली. सातवा चालत नाही, हे त्यांनीच त्याला पाच वर्षांचा असताना मांडीवर बसवून शिकवलं होतं.

"यंत्र चुकलं असेल," मदियार म्हणाला. "आपा, तो ओळींचा पर्याय काढून टाका. दुसरं काही तरी लावा, आडवं, गोल, काहीही. हॉलमध्ये कोण मोजणार आहे?"

"पोरा, तिथे अडीचशे कझाख जेवायला येणार आहेत. पहिलं ताट यायच्या आत तीनदा मोजून होईल."

तिचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. प्रत्येक चौकटीत तिने जन्मसाल भरलं होतं, आणि पर्यायांत 'ओळ पिढीप्रमाणे नको, सालाप्रमाणे लाव' अशीही सोय होती. कालव्याचं पाणी कुठे गळतंय ते शोधताना जसं उंचीचे आकडे लावून बघतात, तसं तिने ते लावून पाहिलं. सगळ्या रेघा जवळपास सारख्या लांबीच्या झाल्या, वीस-पंचवीस वर्षांच्या. एकच रेघ लांबलचक निघाली. झ्युनिस, जन्म १८८९. त्याचा थोरला मुलगा ओमिर्झाक, १९१५. धाकटा बैसेनबाय, १९४१.

"अक्साकाल, तुमच्या आईचं जन्मसाल काय?"

"ब्याण्णव. अठराशे ब्याण्णव."

"म्हणजे तुम्ही झालात तेव्हा एकोणपन्नास. युद्धाच्या वर्षात, अर्ध्या पोटी. बाई होती की ट्रॅक्टर?"

"आपा!" मदियार दचकून म्हणाला.

अक्साकाल रागावले नाहीत. त्यांनी टोपी काढली, आतून बाहेरून पाहिली, पुन्हा घातली. पहिलं नातवंड आजी-आजोबांनी स्वतःचं म्हणून वाढवायचं, ही चाल कझाखांत सगळ्यांना ठाऊक होती. असं मूल आजोबाला बाप म्हणतं, आणि खऱ्या बापाला आगा, म्हणजे थोरला भाऊ. "मी तुमचा मुलगा नाही," असं त्या मुलाने म्हातारा-म्हातारीला म्हणणं हे घराला आग लावण्यासारखं मानतात. बैसेनबाय यांनी ते कधीच म्हटलं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर, पासपोर्टावर, वहीत, सगळीकडे ते झ्युनिसचे पुत्र होते.

"ओमिर्झाक आगा दोन घरं सोडून राहायचा," ते सावकाश म्हणाले. "युद्धातून एका पायाने परत आला. मला सायकल शिकवताना त्याला मागे पळता येईना, म्हणून काठी फेकून मारायचा. पडलो तरी मारायचा. चौऱ्याऐंशीत गेला. मातीला मी भाऊ म्हणून उभा राहिलो."

"तुम्हाला माहीत होतं?" मदियारने विचारलं.

"सगळ्या गावाला माहीत होतं, मला नसेल होय? माहीत असणं वेगळं आणि वहीत लिहिणं वेगळं."

कुल्याशने चहा ओतला. तळलेल्या पिठाच्या बाउर्साकांची ताटली पुढे सरकवली. कोणी हात लावला नाही.

"मी सरळ सांगते," ती म्हणाली. "तुमची रेघ झ्युनिसपासून काढून ओमिर्झाकला जोडली, तर एक पिढी वाढते. तिलेप आठवा होतो. पोराचं लग्न होतं. नाही जोडली, तर कर्णफुलं परत आणायला मीच जाते पाहिजे तर, मला अशा कामांची लाज वाटत नाही. पण यंत्राला थोरला भाऊ वगैरे कळत नाही. त्याला बाप लागतो. तो तुम्ही सांगायचा."

"आणि झ्युनिस? त्याची रेघ पुसणार? त्याने मला उराशी धरून वाढवलं. त्याच्याखाली मी नसलो, तर वर गेल्यावर त्याला तोंड कसं दाखवू?"

मदियार उठून उभा राहिला. "अता, नका लिहू. मी पेरिझातला सांगेन. तुम्ही हे माझ्यासाठी करू नका."

"बस खाली," आजोबा ओरडले. "दात उपटताना विचारतोस का कोणाला? बस."

मदियार बसला. कुल्याशने पर्यायांची खिडकी पुन्हा उघडली आणि शोधत शोधत खाली गेली. एका चौकटीला दोन रेघा वरून आल्या तर ओळ कशी ठरवायची, त्याचेही दोन प्रकार होते. 'सर्वांत जवळच्या वाटेने' आणि 'सर्वांत लांबच्या वाटेने'. आजवर तिला त्याची गरज पडली नव्हती. कालव्याला पाणी दोन ठिकाणांहून येतं, पण कझाखाला बाप एकच असतो.

"दोन्ही रेघा ठेवता येतील," ती म्हणाली. "झ्युनिसची तुटक, ओमिर्झाकची सलग. मोजणी लांबच्या वाटेने होईल. तुम्ही दोघांच्याही खाली."

"तुटक का?"

"दोन्ही सलग काढल्या तर लोक म्हणतील, पशुवैद्याला दोन बाप. काय काय ऐकायची तयारी आहे?"

अक्साकाल एवढ्या मोठ्याने हसले की त्यांना ठसका लागला. ठसका गेल्यावर ते म्हणाले, "लिही. ओमिर्झाक."

"कोण म्हणून?"

"लिही म्हटलं ना."

"मला नाही, त्याला सांगा," कुल्याशने मदियारकडे हनुवटी केली. "पुढच्या वेळी मोजणारा तो आहे."

"बाप," बैसेनबाय म्हणाले. नातवाकडे न बघता, खिडकीकडे बघून. "ओमिर्झाक. माझा बाप."

तिने रेघ ओढली, लांबच्या वाटेचा पर्याय लावला, पुन्हा ओळी पिढीप्रमाणे केल्या आणि बटण दाबलं. बैसेनबाय एक ओळ खाली उतरले. त्यांच्यामागून त्यांची मुलं, नातवंडं, सगळा कबिला एकेक ओळ खाली आला, आणि मदियार पेरिझातच्या ओळीत येऊन बसला. मदियारने दोनदा मोजलं, बापापासून. मग ताटलीतले तीन बाउर्साक एकदम तोंडात कोंबले.

अक्साकालांनी खिशातून फोन काढून मुलीच्या आजोबांना लावला.

"हॅलो. हां, तिलेप आठवा निघाला." पलीकडून बराच वेळ काही तरी आलं. "माहीत आहे हो, मागेही आठवाच म्हणालो होतो. तेव्हा चुकून निघाला होता. आता मोजलाय."