भूमितीच्या पेपराआधी

"हा डबा धर जरा," वहिनी म्हणाल्या.

मी धरला. बीजगणिताचा पेपर नुकताच सुटला होता. भूमितीचा तासाभराने. मुलुंडच्या त्या शाळेच्या पटांगणात आया डबे घेऊन आल्या होत्या. तेव्हा तशीच पद्धत होती. दोन पेपरांच्या मधे आईने यायचं, सावलीत सतरंजी टाकायची, लेकराला दहीभात भरवायचा.

वहिनींची मीनल पंधरा वर्षांची, मी चोवीसची. दोघींची दहावी एकाच वर्षी, केंद्रही एकच. ती शाळेतून बसलेली, मी सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून. सातवीत माझी शाळा सुटली होती. भावांची नाही सुटली.

वहिनींकडे मी धुणीभांडी करायचे. त्या दिवशीही सकाळी करूनच आले होते. माझ्या दुसऱ्या हातात हॉलतिकीट होतं. त्यांना ते दिसलं. तरी डब्यानंतर थर्मास आला, मग खरकटं ताट. नळ तिकडे आहे, विसळून आण. शेजारच्या बाईंनी विचारलं, कामवाली सोबत आणलीत वाटतं?

वहिनी हसल्या. "नाही हो, हीपण बसलीय परीक्षेला. हौस."

हौस.

मी ताट विसळलं. माझी चपाती पिशवीतच राहिली. प्रमेयं एकदा बघायची होती, तीही राहिली. उपाशी पोटी भूमिती लिहिली.

खरं सांगते, अपमान झालाच, पण हेवा त्याहून जास्त टोचला. मीनलचा क्लास, तिची गाईडं, मनगटावरचं नवं घड्याळ, या सगळ्याचा हेवा आधीपासून होताच. पण त्या दुपारी वहिनींनी पदराने तिचं तोंड पुसलं ना, ते मला बघवेना. माझी आई त्या वेळी विक्रोळीला कुणाची तरी भांडी घासत होती. माझी परीक्षा कुठल्या शाळेत आहे हेही तिला ठाऊक नव्हतं.

विज्ञानाच्या दिवशी मधल्या सुट्टीत पुन्हा तीच सतरंजी. पुन्हा डबा पुढे आला. मी हात मागे घेतला.

"वहिनी, मी परीक्षेला आलेय. कामाला सकाळी येऊन गेले."

मीनल मान खाली घालून भात चिवडत होती. वहिनींचा आवाज चढला नाही. "एवढा माज? पास झालीस तरी उद्या भांडी कोण घासणार?"

"तुमची तुम्हीच."

काम गेलं, तिथल्या तिथे. मी पायरीवर बसले, सगळ्या आयांच्या समोर, आणि माझी चपाती खाल्ली. सावकाश. शेवटच्या तुकड्यापर्यंत.

भूमितीत काठावर सुटले. पुढे बारावी, मग बीए. आमच्या घरात पहिली मीच. हेवा मात्र गेला नाही, आणि मी तो जाऊ देणार नाही. मीनलला जे सतरंजीवर बसून मिळालं, ते मी पायरीवर बसून घेतलं. पुढचंही घेईन. पण कुणाचं खरकटं ताट पुन्हा हातात धरणार नाही.