फॉल-पिको, दादर

"हॅलो, फॉल-पिकोवाल्या बाई बोलतायत का?" मंगळवारी सकाळी अनोळखी नंबरवरून हा प्रश्न आला तेव्हा मी मेथी निवडत होते. राँग नंबर म्हणून ठेवणारच होते, तेवढ्यात पलीकडची मुलगी म्हणाली, "मी करी रोडवरून रूपा बोलतेय, शालनची मुलगी. आई परवा, रविवारी दुपारी गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट. तिच्या फोनमध्ये शेवटचा कॉल तुम्हाला केलेला दिसतोय, नाव 'फॉल-पिको दादर' असं आहे. तिची एखादी साडी तुमच्याकडे असेल तर राहू दे, नेण्यासारखं कोणी नाही." मी म्हटलं, "नाही हो, काही नाही माझ्याकडे." मग, कोण जाणे का, "मागच्याच महिन्यात देऊन टाकली," असंही म्हटलं. फोन ठेवला आणि उरलेली मेथी देठांसकट चिरली. मला सुईत दोरा ओवायचा तरी चष्मा शोधावा लागतो. जन्मात मी कुणाची साडी शिवायला घेतलेली नाही... एक सोडून.

शालन हे तिचं खरं नाव नाही, रूपा हे रूपाचं नाही. लेकीची हरकत नव्हती, पण आमच्या सभेत आडनावं लावत नाहीत आणि ऐकलेलं दाराबाहेर नेत नाहीत, त्यातलं निम्मं तरी पाळावं म्हणून बदलली. माझ्यापुरतं मात्र सांगून टाकते. मी दादरची, विमा कंपनीत एकतीस वर्षं कारकुनी केलेली, आणि दारुडी. आमच्याकडे बायका पीत नाहीत. आमच्याकडे बायकांना मायग्रेन असतं. सर्दीसाठी आणलेली ब्रँडी सर्दी गेल्यावरही राहिली, मग पिठाच्या डब्यामागे गेली, मग ऑफिसच्या पाण्याच्या बाटलीत आली. नवऱ्याला कळलं होतं, पण त्याने मायग्रेन हा शब्द इतका मनावर घेतला की तो खिडक्यांचे पडदे ओढून द्यायचा.

परळच्या एका शाळेत दर शनिवारी दुपारी तीनला आमच्यासारख्या बायका जमतात. दुसरीचा वर्ग, बाकांमध्ये गुडघे मावत नाहीत, भिंतीवर पाढे. तिथे कुणी डॉक्टर नाही, शिकवणाऱ्या बाई नाहीत. एक पिणारी दुसऱ्या पिणारीचं ऐकून घेते, एवढाच इलाज. पहिल्या दिवशी मी गॉगल आणि डोक्यावर ओढणी अशा थाटात गेले. कोपऱ्यातली एक काळी, रुंद हाडाची बाई म्हणाली, "गॉगल काढ गो बाय. हयसर सगळ्यांचे डोळे तसलेच." मला रागच आला. मी तिच्यापासून दोन बाकं लांब बसले. तीच शालन. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर तिने चाळीतल्या दोन खोल्यांत खानावळ चालवली. नवरा गेल्यावर सायंकाळची पाठ दुखायला लागली आणि पाठीसाठी म्हणून स्टीलच्या पेल्यातून सुरू झालं. खानावळ गेली, लेक कंटाळून डोंबिवलीला राहायला गेली. मी भेटले तेव्हा तिला दारू सोडून दोन वर्षं झाली होती.

तिची एक पद्धत होती. तलफ आली की फोन करायचा, हे सगळेच सांगतात. शालनला फोन केला की ती उपदेश करायची नाही. विचारायची, "घरात तांदूळ हत मा? टोपात धू आणि ठेव गॅसर. कुकर नाय हां, टोपात. आणि थंयच उभी ऱ्हव. भात होयसर घेव नको. मगे काय ता बघूया." भात होईपर्यंत घेऊ नको, एवढंच. आयुष्यभर सोडायची भाषा नाही. फोन चालू ठेवायचा आणि पलीकडे ती कोलंबी साफ करत कुणाच्या तरी लग्नातली भांडणं सांगत राहायची. मी चिडायचे. "अगं मला जीव नकोसा झालाय आणि तू मला भात लावायला सांगतेस?" ती म्हणायची, "पाणी आटला काय बघ." आणि खरंच, भात झाल्यावर मी तशीच उभी असायचे, घामाघूम, पण तशीच. त्या काळात आमच्या घरी इतका फोडणीचा भात झाला की मुलगा म्हणाला, आई, आपण गरीब झालोत का?

दोन वर्षांनी मी घसरले. कारण सांगण्यासारखंही नाही, पगारवाढीवरून कुणीतरी बोललं होतं. चार दिवस फोन बंद करून पडले. पाचव्या दिवशी सासूबाईंनी दार उघडलं तर दारात शालन, हातात पिशवी. आमच्या सासूबाई म्हणजे शेजारीण साखर मागायला आली तरी तिची कुळकथा काढणाऱ्या. शालन म्हणाली, "तुमच्या सूनबाई फॉल छान लावतात म्हणून ऐकलं." सासूबाईंनी मला तोवर बटण लावतानाही पाहिलं नव्हतं. पिशवीत एक हिरवी साडी आणि डब्यात पेज. माझ्या पलंगावर बसून तिने मला चमच्याने पेज भरवली आणि जाताना म्हणाली, "ता फॉल लाव खरोखर. हातांक काम होया." मी आठ दिवस रडत रडत फॉल लावला, इतका वाकडा की साडी एका बाजूला चालायची. ती तीच साडी नेसून शनिवारी आली. तेव्हापासून मी तिच्या फोनमध्ये 'फॉल-पिको दादर' झाले. आम्हा सगळ्यांचीच अशी सोय असते. पुरुष बिनधास्त नावं लिहितात. बायकांचे फोन घरात दहा जण हाताळतात, म्हणून आमच्यात कुणी 'भिशी' आहे, कुणी 'गॅस एजन्सी'. शालन माझ्याकडे 'तांदूळ करी रोड' होती. या हुशारीचं आम्हाला फार कौतुक होतं.

त्या रविवारी आमच्याकडे भाचीचं केळवण होतं. बारा पानं, मी जिलबी वाढत होते, फोन टेबलावर. वाजला. जावेने बघितलं आणि म्हणाली, "अगं, रविवारीसुद्धा तांदूळवाले? सांग त्याला, नंतर कर." सगळे हसले. मीही हसले, आणि कट केला. मला काय वाटलं ते नेमकं सांगते. शालनला माझी गरज असेल असं मनातसुद्धा आलं नाही. सोडून नऊ वर्षं झालेली बाई! फोन आम्ही तिला करायचो. ती आम्हाला करायची ते आमची चौकशी करायला. मला वाटलं, जेवलंस काय विचारत असेल. संध्याकाळी करू. संध्याकाळी पाहुणे गेले, भांडी आवरली, विसरले. सोमवारीही विसरले. मंगळवारी फोन आला तो रूपाचा.

बाराव्याला गेले. चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर तिची खोली. शेजारच्या बायका होत्या. त्यांना रूपा खालच्या आवाजात सांगत होती, "गॅसवर, ओट्यावर मिळून चार टोप भात होता. एकट्या बाईला चार टोप! परत सुरू झालं असणार तिचं. बाटली नाही सापडली, पण लपवण्यात ती हुशारच होती." फॉल-पिकोवाली एवढीच ओळख सांगून मी दाराशी उभी होते. चार टोप म्हणजे काय ते त्या खोलीत मला एकटीला कळलं होतं. माझ्याकडे वळून रूपा म्हणाली, "तुम्ही शिलाईवाल्या ना?" आणि मी म्हटलं, "हो. वय झालं की होतं हो असं." चहा प्यायले आणि लिफ्टने खाली आले.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कशी होते ते नवऱ्याला विचारा. कपाटं उपसली, भांडले, करी रोडच्या पुलापर्यंत चालत जायचे आणि परत फिरायचे. दोनदा वाइन शॉपच्या रांगेत उभी राहिले. दोनदा घरी येऊन भात लावला... पलीकडे कुणी नव्हतं, पण लावला. मला राग कुणाचा यायचा तेही कळेना. शालनचा यायचा, एकदाच का केलास म्हणून. पुन्हा वाजवला असता तर उचलला असता. मग आठवायचं, आपणही कुठे पुन्हा वाजवतो? एकदा वाजवायलाच केवढं बळ लागतं. शेवटी शनिवारी सभेत सगळं ओकले. बायका ऐकत होत्या. 'गॅस एजन्सी' म्हणाली, "आम्हाला सांगून काय उपयोग? ती पोरगी तिथे आईला नावं ठेवत बसली असेल."

रविवारी गेले. रूपा खोली आवरायला आलेली होती. ओट्याशी उभी राहूनच मी सांगितलं. मी कोण, आई कोण होती, शनिवारी कुठे जायची, भात कशासाठी लावायची. "प्यायलेली बाई चौथ्या टोपाचे तांदूळ धूत नाही," मी म्हटलं. "ती प्यायली नव्हती. एकेक टोप करत ती थांबली होती. आणि तिने मला फोन केला होता, तो मी पाहुण्यांना जिलबी वाढता वाढता कट केला." रूपाने रिकाम्या गॅसकडे बघितलं. मग म्हणाली, "एका टोपाला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, "वीसेक मिनिटं." तिने हिशेब केला असावा. डोळे भरले नाहीत तिचे, उलट लाल झाले. "म्हणजे तेवढा वेळ ती एकटी उभी होती इथे. आणि तुम्ही जिलबी वाढत होतात." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? जा म्हणाली असती तर गेलेही असते.

पण ती म्हणाली, "मला का नाही केला? मी लेक ना तिची? परक्या बाईला फोन करते आणि मला नाही?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. खूप पूर्वी मीच शालनला म्हटलं होतं, लेकीला घेऊन ये एकदा सभेला, बघू दे तिला. तेव्हा ती म्हणाली होती, "नको गो. तिणा खूप बघितल्यान. मी काय करतंय, ज्या दिवशी घेवक नाय, त्या दिवशी सांजेक फोन करतंय तिका. घेतलंय तर करूचंय नाय. एवढाच." रूपाला मी ते जसंच्या तसं सांगितलं. ज्या दिवशी घेतली नाही त्याच दिवशी तुला फोन. तलफेचा फोन तुला नव्हताच कधी.

रूपाने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. "रोज यायचा," ती म्हणाली. "साडेसातला. जेवलंस काय, एवढंच विचारायची. मी वैतागायचे. कामात आहे म्हणून ठेवायचे. पण रोज यायचा... कितीतरी वर्षं, रोज." मग एकदम म्हणाली, "त्या रविवारी नाही आला."

"संध्याकाळ कुठे झाली होती," मी म्हटलं.

तिने पर्समधून फोन काढला आणि त्या एका नंबरवरून आलेल्या कॉलची यादी मागे मागे सरकवायला लागली. मी चष्मा लावला नव्हता, तरी तो एकच शब्द ओळीने खाली जाताना मला दिसत होता. आई. आई. आई. रूपाचं बोट थांबत नव्हतं.